गुडघा टेकला, तरी मी गप्प राहिले

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे, आणि स्वस्थ बसणं माझ्या नशिबात नाही. माझ्या पोटात बुचाचा एक दाणा आहे, हरभऱ्याएवढा. कुणी मला उचललं, खिशात टाकलं, नुसतं शेजारचं टेबल हललं, तरी तो दाणा गडगडतो आणि मला वाटतं, झालं, आता वाजायचं! बहुतेक वेळा तसं काही नसतं. कुणीतरी आपली किल्ली शोधत असतं. पण दाण्याला ते कुठून कळणार?

अमेरिकेत, ओहायोतल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पितळेच्या पत्र्यातून माझे तुकडे कापले, वाकवले, डाख देऊन जोडले आणि वरून निकेलचा मुलामा चढवला. दाणा सगळ्यात शेवटी आला. एका बाईने बुचाची गोळी बोटांत चेपली आणि माझ्या फटीतून आत ढकलली. आत जाताच ती पुन्हा फुगली, ती कायमचीच माझ्या पोटात राहिली. तोवर मी निवांत पत्रा होते. त्यानंतर माझी झोप गेली ती गेलीच.

लिंकन शहरातल्या एका दुकानातून मला ऑर्विल कुचेरा नावाच्या माणसाने विकत घेतलं. हा ऑर्विल कॅल्डर फोर्क नावाच्या लहानशा गावात न्हावी होता. चारही बाजूंना मक्याची शेतं, मध्ये धान्याचं उंच कोठार, एक चर्च, एक शाळा आणि ऑर्विलचं दुकान, एवढंच ते गाव. सोमवार ते गुरुवार तो लोकांचे केस कापायचा आणि शुक्रवारी संध्याकाळी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा घालून आसपासच्या गावांत शाळांच्या फुटबॉलला पंच म्हणून जायचा. शनिवारी पुन्हा कात्री. मी त्याच्या गळ्यात असायची. खरं सांगते, ती वीस-बावीस वर्षं मी फार सुखात काढली.

आमच्याकडचा फुटबॉल पायाने कमी आणि हाताने जास्त खेळतात. चेंडू पोटाशी घट्ट धरून पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर झेप घेऊन पाडायचं. पळणारा पडला की तो ‘डाऊन’. डाऊन झाला की खेळ तिथेच थांबला, चेंडू मेला. आणि चेंडू मेला ही बातमी साऱ्या गावाला देणारी मी.

तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? पडला की वाजवायची! मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं. पण या खेळात ‘पडणं’ म्हणजे काय, हेच ठरवताना शहाणीसुरती माणसं हातघाईवर येतात. हात टेकला तर चालतो, कोपर टेकलं तर चालत नाही. पाऊल चालतं, गुडघा चालत नाही. एखादा भोपळ्यासारखा दुसऱ्याच्या अंगावर आडवा झाला, पण त्याचं स्वतःचं काहीच जमिनीला लागलं नाही, तर तो उभाच आहे असं धरायचं!

आणि सगळ्यात मोठा घोळ वारांचा. शुक्रवारी शाळेची मुलं खेळतात, शनिवारी कॉलेजची, रविवारी पैसे घेऊन खेळणारे मोठे खेळाडू. शुक्रवारी आणि शनिवारी ज्याचा गुडघा टेकला तो डाऊन, मग त्याला कुणी हात लावलेला असो वा नसो, तो आपल्याच पायात पाय अडकून का पडलेला असेना. रविवारी मात्र पडलेल्याला विरोधी खेळाडूचा स्पर्श झालेला लागतो. तो झाला नसेल तर पठ्ठ्या उठून खुशाल पुन्हा पळू शकतो. आमच्या गावचे लोक शुक्रवारी शाळेच्या मैदानावर जायचे आणि रविवारी चर्चमधून आले की टीव्हीपुढे बसायचे. नियम मात्र सगळ्यांना रविवारचेच पाठ होते.

पंच लोकांचा एक जुना रिवाज होता. आपल्या गावच्या सामन्यात आपण उभं राहायचं नाही. त्यामुळे ऑर्विलने दुसऱ्यांच्या गावांत शिव्या खाल्ल्या आणि आपल्या गावात मान मिळवला. ज्या गावात शिव्या खायच्या तिथे केस कापायला जायचं नसतं, हे त्याचं साधं गणित होतं.

त्याचा सगळ्यात जुना दोस्त मार्व्हिन व्हॉन्ड्रा. मक्याचा शेतकरी, आवाज ट्रॅक्टरसारखा. दोघं लहानपणी याच शाळेच्या संघात खेळले होते. मार्व्हिनच्या डोक्यावर आता केस फक्त कानांपुरते उरले होते, तरी एक शनिवार आड तो दुकानात येऊन खुर्चीत बसायचाच. केस कापायला पाच मिनिटं लागायची आणि गप्पांना तासभर. बहुतेक बोलणं त्याच्या नातवाचं. नातू म्हणजे ट्रेंट, कॅल्डर फोर्कच्या संघातला सगळ्यात वेगवान मुलगा.

"माझ्यावर गेलाय," मार्व्हिन म्हणायचा.

"तू पळायचास कधी?" ऑर्विल विचारायचा. "तुझ्या मागे गाय लागली होती तेवढं एकदाच पाहिलंय मी."

आरशाच्या बाजूच्या खिळ्याला लटकून मी हे सगळं ऐकायची. ती खुर्ची मला आवडायची.

आता मित्रांनो, त्या शुक्रवारची गोष्ट सांगते, जिने आमचं सगळं विस्कटलं. ओसेज रिजशी सामना होता. जो जिंकेल तो पुढच्या फेरीत. पंचांच्या चमूतला एकजण आजारी पडला आणि बदली माणूस मिळेना. मिळणार कुठून? तरुण पोरं एक हंगाम पट्ट्यांचा सदरा घालायची, आई-वडिलांच्या वयाच्या लोकांकडून नाही नाही ते ऐकायची आणि पुन्हा फिरकायची नाहीत. शेवटी दोन्ही संघांच्या कोचांनी ठरवलं की ऑर्विल चालेल. दोघं हसत हसत हो म्हणाले. जिंकण्याआधी सगळेच हसत हसत हो म्हणतात.

शेवटचं मिनिट होतं आणि आपला संघ चार गुणांनी मागे होता. ट्रेंटला चेंडू मिळाला आणि तो सुटला. ऑर्विल कडेच्या रेषेवरून त्याच्या बरोबरीने धावत होता, मी त्याच्या दातांत होते आणि माझा दाणा थडथडत होता. ट्रेंटच्या आसपास कुणी नव्हतं. समोर मोकळं मैदान, त्यापलीकडे गोलरेषा, ती ओलांडली की सहा गुण. आणि दुपारच्या पावसाने ओल्या राहिलेल्या एका जागी त्याचा पाय घसरला. डावा गुडघा गवताला टेकला. टेकला आणि उठला, डोळ्याचं पातं लवायच्या आत! पोरगं पळतच राहिलं, रेषा ओलांडली, चेंडू डोक्यावर धरून नाचलं. प्रेक्षकांच्या साऱ्या पायऱ्या उठून उभ्या राहिल्या. शाळेच्या बँडने ढोलावर टिपरू घातलं.

पण मी वाजले होते. गुडघा टेकला त्याच क्षणी वाजले होते. आनंदाच्या गदारोळात मला कुणी ऐकलंच नाही.

ऑर्विल परत त्या ओल्या जागी चालत आला, उभा राहिला आणि त्याने बोट खाली दाखवलं. इथे. हळूहळू आवाज ओसरला. मग दुसरा आवाज चढू लागला.

"अरे ऑर्विल!" मार्व्हिन कठड्यावरून अर्धा बाहेर आला होता. "त्याला हात तरी लावला का कुणी? सावली तरी पडली का कुणाची त्याच्यावर?"

"गुडघा टेकला, मार्व्हिन."

"मग? रविवारी तर..."

"आज शुक्रवार आहे."

एवढंच तो बोलला. उरलेल्या क्षणांत आपल्या पोरांना काही जमलं नाही आणि सामना गेला. आधीचा सबंध वेळ ज्यांनी हातातले चेंडू सांडले होते, त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. नाचता येईना अंगण वाकडं, तसं सगळ्या गावाचं अंगण त्या एका शिट्टीने वाकडं केलं होतं.

सामना झाला की शाळेच्या स्वयंपाकघरातली डोलोरेस पंचांच्या खोलीत मसालेदार राजमा-खिम्याचं कालवण आणि प्रत्येकाला एक दालचिनीचा गोड रोल पाठवायची. ही आमच्याकडची रीत, गाव जिंको की हरो. त्या संध्याकाळी कालवण आलं. रोल मात्र तीनच आले. पंच चार होते.

"मोजण्यात चूक झाली असेल," त्यातला एक तरुण पंच म्हणाला आणि आपला अर्धा रोल तोडू लागला.

"डोलोरेस चाळीस वर्षं शाळेतल्या पोरांना वाढतेय," ऑर्विल म्हणाला. "तिची मोजणी चुकत नाही. खा तू."

दुसऱ्या दिवशी शनिवार. मार्व्हिनचा शनिवार. सकाळी ऑर्विलने खुर्ची पुसली, कात्रीला तेल दिलं आणि तो खिडकीशी उभा राहिला. मार्व्हिनची निळी गाडी आली, दुकानासमोर थोडी मंदावली आणि सरळ पुढे गेली, ओसेज रिजच्या रस्त्याला. तिथेही एक न्हावी होता. म्हणजे ज्यांनी हरवलं त्यांच्या गावात जाऊन केस कापायचे, पण ऑर्विलकडे नाही! त्याच्यामागून एकेक करत अर्धं गाव त्या रस्त्याला लागलं. थोड्याच दिवसांत कॅल्डर फोर्कमध्ये इतकी वेडीवाकडी डोकी दिसू लागली की चर्चमध्ये मागच्या बाकावर बसणाऱ्यांना हसू आवरेना. पण परत कुणी येईना.

ऑर्विलने मला खिळ्यावरून काढलं आणि खणात टाकलं. बोथट कात्र्या, दात पडलेले कंगवे आणि मी. मित्रांनो, दुर्लक्षाचं दुःख मी तुम्हाला काय सांगू? ज्याचं काम गप्प राहण्याचं आहे त्याला खण चालतो. माझं काम वाजण्याचं! कुणी खण उघडला की दाणा गडगडायचा, मी आशेने ताठ व्हायची आणि एखादा कंगवा उचलून खण पुन्हा बंद व्हायचा. मला राग यायचा. मी काय चुकीचं बोलले होते? गुडघा टेकला होता!

ऑर्विलही तसाच येरझारा घालायचा. रिकाम्या दुकानात दारापासून आरशापर्यंत आणि आरशापासून दारापर्यंत.

"त्या शिट्टीला आणि तुला एकच रोग आहे," त्याची बायको लोरेन म्हणायची. "पोटात काहीतरी सारखं गडगडतंय. जा ना मार्व्हिनकडे, बोल त्याच्याशी."

"काय बोलू? माफी मागू? गुडघ्याची?"

"माफी नको मागूस. नुसता जाऊन बस."

पण तो गेला नाही. दोघंही एकाच मातीची ढेकळं, पाऊस पडल्याशिवाय विरघळायची नाहीत.

वसंतात एका दुपारी दाराची घंटी वाजली आणि ट्रेंट आत आला. डोक्यावर टोपी, तीही कानांपर्यंत ओढलेली.

"सर, शनिवारी शाळेचा नाच आहे," तो म्हणाला आणि त्याने टोपी काढली.

ऑर्विलने एक पाऊल मागे घेतलं. "हे कुणी केलं?"

"आजोबांनी. मेंढ्या भादरायच्या यंत्राने. ओसेज रिजला जायला वेळ नव्हता म्हणाले."

"मेंढी पळून गेली असती," ऑर्विल म्हणाला. "बस."

कात्री चालू झाली. पोरगं खुर्चीत स्वस्थ नव्हतं, त्याचा पाय सारखा हलत होता. शेवटी ते बोललंच.

"सर, रविवारी चालतं, मग शुक्रवारी का नाही?"

कात्री थांबली. हा प्रश्न इतक्या महिन्यांत कुणी विचारलाच नव्हता. सगळ्यांनी उत्तरं दिली होती.

"तू पडलास," ऑर्विल म्हणाला. "आणि समज, पडलेल्याला उठून पळायची मुभा आहे. मग मागून येणारी पोरं काय करतील? तू उठण्याआधी तुझ्या अंगावर उड्या मारतील. माराव्याच लागतील, नाही तर तू पळशील. रविवारची माणसं मोठी असतात, त्यांना त्याचे पैसे मिळतात, त्यांचे डॉक्टर शेजारी उभे असतात. तुम्ही शाळेतली पोरं. पडलेल्या पोरावर कुणी उडी मारू नये म्हणून तो नियम आहे. गुडघा टेकला की संपलं. सगळ्यांनी हात आवरायचे."

ट्रेंट आरशात बघत राहिला. "म्हणजे तुम्ही मला वाचवलंत म्हणायचं?"

"छे! तुझ्या मागे कुणी नव्हतंच. कुणापासून वाचवू? मी फक्त जे दिसलं त्याची शिट्टी वाजवली." त्याने कंगवा झटकला. "वाजवल्यावर मलाही वाईट वाटलं. फार वाईट वाटलं."

खणातल्या अंधारात मी हे ऐकलं आणि माझा राग थोडा उतरला. मला वाटत होतं, वाईट फक्त मलाच वाटतंय.

"मग किक मारणाऱ्यासाठी चेंडू जमिनीवर उभा धरून ठेवणारा?" ट्रेंटचं डोकं आता चालू लागलं होतं. "तो तर गुडघा टेकूनच बसतो. चेंडू त्याच्या हातात येतो तेव्हा गुडघा जमिनीवरच असतो की! तो डाऊन का नाही?"

ऑर्विल हसला. कित्येक महिन्यांनी हसला. "त्या एकट्याला सूट आहे. किक मारायची म्हणून तो गुडघा टेकू शकतो. इतकंच नाही, चेंडू उंच आला तर त्याने उठावं, झेलावं आणि लगेच पुन्हा गुडघा टेकून चेंडू किकसाठी मांडावा. तरी खेळ चालू."

"पुन्हा टेकला तरी?"

"पुन्हा टेकला तरी. हे निम्म्या कोचांनाही माहीत नसतं. मान सरळ ठेव, नाही तर कान जाईल."

ट्रेंट निघाला तेव्हा त्याचं डोकं माणसासारखं दिसत होतं. ऑर्विलने पैसे घेतले नाहीत. पण त्या शनिवारी निळी गाडी पुन्हा तशीच पुढे गेली. मग पुढच्याही. उन्हाळा गेला, नवा हंगाम सुरू झाला तरी ऑर्विल पंच म्हणून कुठे गेला नाही, मका कापणीला आला आणि मी खणातच.

त्या शरदात कळलं की कॅल्डर फोर्कची शाळा बंद होणार. मुलं कमी झाली होती. पुढच्या वर्षीपासून आपली मुलं बसने ओसेज रिजला जाणार आणि त्यांच्याच रंगाचे सदरे घालणार. हंगामाचा शेवटचा सामना हा गावाचाच शेवटचा सामना ठरला, आणि तोही ओसेज रिजशीच. मैदानावरचे दिवे बिघडले होते. बंद होणाऱ्या शाळेचे दिवे कोण दुरुस्त करणार? म्हणून सामना दुपारी ठेवला. आणि दोन दिवस आधी निरोप आला की पंचांच्या प्रमुखाचाच गुडघा निखळला आहे आणि दुसरा माणूस नाही.

ट्रेंट धावत दुकानात आला.

"सर, तुम्ही नाही आलात तर सामनाच होणार नाही."

"नाही," ऑर्विल म्हणाला. "एकदा पुरे झालं. रिवाज उगाच नसतात."

"ओसेज रिजचे लोक तयार आहेत. तुम्ही आमच्या बाजूने खोटं बोलणार नाही हे त्यांनी गेल्या वर्षी बघितलंय."

"आणि तुझे आजोबा?"

ट्रेंट जरा घुटमळला. "विचारलं त्यांना. म्हणाले, ‘आंधळा असला तरी आपला आंधळा आहे. येऊ दे.’"

ऑर्विल आरशापर्यंत गेला, दारापर्यंत आला, पुन्हा आरशापर्यंत गेला. मग त्याने खण उघडला. माझा दाणा असा गडगडला म्हणता!

त्या दुपारी वाऱ्याने हाडं गोठत होती. ऑर्विलच्या डोक्यावर प्रमुख पंचाची पांढरी टोपी होती. तरुण पंचाने त्याला आपल्याकडची प्लॅस्टिकची नवी शिट्टी देऊ केली. "हिच्यात दाणा नाही, सर. तुमची थंडीत थुंकीने गोठेल."

"गोठणार नाही," ऑर्विल म्हणाला आणि त्याने मला हातमोज्यात, तळव्याच्या उबेला धरलं. दाणा नाही म्हणे! ती शिट्टी सुखी असेल बिचारी, पण तिला कधी काही वाटत तरी असेल का?

पायऱ्यांवर जागा नव्हती. गाव सोडून गेलेलेही परत आले होते. कुणी ऑर्विलला शिव्या दिल्या नाहीत, कुणी हातही केला नाही. मार्व्हिन कठड्याशी उभा होता, तोंड मिटून. हे मला शिव्यांपेक्षा जड गेलं.

शेवटच्या काही सेकंदांवर आपण दोन गुणांनी मागे होतो. किक खांबांच्या मधून गेली तर तीन गुण, आणि गाव जिंकून संपणार. ट्रेंट चेंडू धरायला गुडघ्यावर बसला. किक मारणारा लेलँड, गवताच्या गाठोड्यासारखा दणकट पोरगा, दोन पावलं मागे उभा राहिला. ऑर्विल त्यांच्या बाजूला, हाकेच्या अंतरावर. मी त्याच्या दातांत.

मधल्या खेळाडूने चेंडू मागे फेकला. उंच! थंडीने बोटं बधीर झाली असतील त्याची. चेंडू ट्रेंटच्या डोक्यावरून जाणार, तेवढ्यात तो ताडकन उठला आणि बोटांच्या टोकांवर त्याने तो झेलला. आता चेंडू हातात आणि तो उभा. क्षणभर त्याने ऑर्विलकडे पाहिलं. मी शपथेवर सांगते, पाहिलं. आणि डावा गुडघा पुन्हा जमिनीवर टेकला.

"टेकला! गुडघा टेकला!" ओसेज रिजची सारी बाजू ओरडली. त्यांची पोरं हात वर करून थांबलीच. आपल्या पायऱ्यांवरून एकच हाय उमटली. पुन्हा तेच! तोच पोरगा, तोच गुडघा, तोच न्हावी. सगळं मैदान माझी वाट पाहू लागलं. आणि माझा दाणा, मित्रांनो, माझा दाणा उड्या मारत होता. आयुष्यभर गुडघा टेकला की वाजायचं, एवढंच मला ठाऊक. ऑर्विलचे दात माझ्यावर इतके घट्ट आवळले होते की पितळ करकरलं. त्याची छाती भरलेली मला जाणवत होती. त्याने तो श्वास माझ्यात सोडला नाही. धरून ठेवला. आणि पहिल्यांदाच मला कळलं की वाजण्याइतकंच न वाजणंही माझंच काम आहे.

"शिट्टी गोठली त्याची!" ओसेज रिजचा कोच कोकलला.

गोठले नव्हते मी! इतकी ऊब माझ्या अंगात कधीच नव्हती.

ट्रेंटने चेंडू मांडला. लेलँडने किक मारली. चेंडू वर गेला, सरळ, खांबांच्या बरोबर मध्यावर. सगळी तोंडं वर झाली. कॅल्डर फोर्कच्या त्या शेवटच्या चेंडूकडे बघताना बायका-माणसं श्वास घ्यायला विसरली. आणि मग वारा आला. उत्तरेकडचा, रोजचा, मक्याच्या ताटांना झोपवणारा वारा. चेंडू हवेत किंचित वळला, आणखी थोडा वळला आणि उजव्या खांबाच्या बाहेरून गेला.

तेव्हा ऑर्विलने मला वाजवलं. लांब, खणखणीत. ओसेज रिजच्या कोचालाही ऐकू गेलं असेल की कोण गोठलं होतं आणि कोण नाही. सामना संपला, आणि मैदानही.

पोरं रडत होती. ट्रेंट गुडघे झटकत ऑर्विलपाशी आला.

"वाजवली नाहीत," तो म्हणाला.

"नाही."

"मला माहीत होतं."

 ऑर्विलने टोपी सारखी केली आणि पोराच्या पाठीवर थाप मारली. मित्रांनो, ज्या माणसाने एकदा त्याच्या गुडघ्यावर शिट्टी वाजवली होती, त्याच माणसासमोर त्या पोराने तोच गुडघा पुन्हा टेकला. साऱ्या गावाला न कळलेला नियम त्या दोघांनाच कळलेला होता. हा खेळ मी एवढी वर्षं पाहिला, पण विश्वास म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. ऑर्विलने सवयीने खुर्ची पुसली. मी पुन्हा खिळ्यावर लटकत होते, आणि माझा दाणा आदल्या दुपारपासून ठिकाणावर नव्हता. निळी गाडी आली. मंदावली. थांबली.

मार्व्हिन आत आला. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते त्याने आरशापुढे ठेवलं आणि खुर्चीत बसून त्याने टोपी काढली. कानांवरचे केस कुणीतरी तिरके कापले होते.

"डोलोरेसने दिलाय," तो म्हणाला. "म्हणाली, गेल्या वर्षी एक कमी पडला होता."

ऑर्विलने कागद सोडला. दालचिनीचा रोल, अजून कोमट. तो त्याकडे बघत राहिला आणि मग त्याने मार्व्हिनच्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं. 

"तू काल वाजवली असतीस तर बरं झालं असतं," मार्व्हिन आरशात बघत म्हणाला.

"का?"

"मरेपर्यंत तुला शिव्या दिल्या असत्या. मजेत गेला असता वेळ. आता कुणाला देऊ? वाऱ्याला? तो तर रोजचाच आहे." त्याचा ट्रॅक्टरसारखा आवाज मध्येच बंद पडला. "वर्षभर तुला दिल्या, ऑर्विल. फुकट दिल्या. काल रात्री पोराने दोन्ही नियम समजावून सांगितले."

"केस फार वाईट कापलेत त्या ओसेज रिजवाल्याने," ऑर्विल म्हणाला आणि त्याने कात्री उचलली.

आता शाळा बंद आहे. मैदानात मका उभा राहतो. ऑर्विल पुन्हा शुक्रवारी दूरच्या गावांत पंच म्हणून जातो आणि मी त्याच्या गळ्यात असते. मुलामा उडून माझं पितळ उघडं पडलंय. दाणा झिजून लहान झालाय, पण शांत झालेला नाही. अजूनही प्रत्येक टेकलेला गुडघा पाहिला की तो विचारतो, वाजू की नको?

म्हणून मित्रांनो, एकच मागणं आहे. मैदानावर ओरडायचं तेवढं ओरडा, त्याशिवाय खेळाला चव नाही. माझ्यावर रागवा, माझ्या आवाजाला नावं ठेवा. पण मला फुंकणारा माणूसही आमच्यासारखाच पोटात दाणा घेऊन उभा असतो, आणि सामना संपला की तो कुठल्या तरी दुकानात खुर्ची पुसून दाराकडे बघत असतो. ती खुर्ची रिकामी ठेवू नका.